टाकीतलं पाणी, शेंगाचटणी, दूध: बायोसेन्सरने घातक जंतू कसे शोधावेत

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० सांगतं की १०० मिलि पाण्यात ई. कोलाय हा जंतू एकही सापडता कामा नये. आता बाजारात मिळणारी अँटिबॉडीची (ठरावीक जंतूलाच चिकटणाऱ्या प्रथिनाची) चाचणीपट्टी घ्या. तिच्यावर रेघ उमटायला दर मिलिलिटरला साधारण एक लाख ते दहा लाख जंतू लागतात, आणि त्या पट्टीवर आपण टाकतो जेमतेम ०.१ मिलि, म्हणजे दोन थेंब. १०० मिलि पाण्यात दहा जंतू असले, तर त्या दोन थेंबांत एखादा येण्याची शक्यता शंभरात एक, आणि आला तरी एकट्याने रेघ उमटत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथली अडचण उलटी आहे: आडात आहे, पण पोहऱ्यात आलेलं नाही.

म्हणून कोणता सेन्सर घ्यावा यावर जेवढा खल होतो, तेवढाच नमुना कसा घेतला, जंतू किती वाढवले आणि सोबत कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेला तुलनेचा नमुना) लावला का यावरही व्हायला हवा. नव्वद टक्के मेहनत तिथेच आहे. खाली दिलेली पद्धत सोलापूरची पाण्याची वेळापत्रकं, इथला उन्हाळा आणि इथले खाण्याचे पदार्थ डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे.

कोणतं साधन कुठे

बायोसेन्सरमध्ये दोन भाग असतात. एक जैविक भाग, जो नेमकी गोष्ट ओळखतो: एन्झाइम, अँटिबॉडी किंवा डीएनएचा तुकडा. दुसरा वाचणारा भाग, जो त्या ओळखीचं रूपांतर विजेत, प्रकाशात किंवा रंगात करतो. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोजसाठी मांडलेला एन्झाइमचा इलेक्ट्रोड हा या साधनांचा पूर्वज, आणि घरोघरी असलेला ग्लुकोमीटर त्याच घराण्यातला.

सोसायटीची टाकी, शाळा, ग्रामपंचायतीची विहीर यांच्यासाठी गाळणी आणि एन्झाइमवर चालणारी चाचणी घ्या. चटणी, मसाले, दुधाचे पदार्थ बनवणाऱ्या छोट्या कारखान्याला साल्मोनेला आणि लिस्टेरिया या अन्नातून आजार पसरवणाऱ्या जंतूंच्या चाचणीपट्ट्या लागतील. खानावळ, मेस, डेअरीतली भांडी आणि ओटे तपासायला एटीपी मीटर, जे एटीपी हा पेशींतला ऊर्जेचा पदार्थ मोजतं. आणि सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा असलेल्या महाविद्यालयाला स्वतः बनवलेला इलेक्ट्रोड. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घ्यायला गेलात की उत्तर चुकतं. एटीपी मीटरने पिण्याचं पाणी ‘पास’ करणं ही त्यातली सगळ्यात धोकादायक चूक.

पाण्याचा नमुना

सोलापूर शहरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. मधल्या काळात जलवाहिनी रिकामी राहते, तिच्यातला दाब जातो, आणि जिथे सांधा गळका असेल तिथून आजूबाजूचं गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी सुटलं की ते सगळं पहिल्या धारेबरोबर घरात येतं. पुस्तकात लिहिलेलं असतं की नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या, मग नमुना घ्या. चोवीस तास पाणी असणाऱ्या गावाला ते ठीक. आपल्याकडे तेवढंच केलं तर नेमकी घाण वाहून गेल्यावर आपण बाटली भरतो.

त्यामुळे तीन नमुने घ्या: नळ सुटताच पहिल्या धारेचा, पाच मिनिटं वाहू दिल्यावरचा, आणि पुढचं पाणी यायच्या आदल्या दिवशी घरातल्या टाकीतला किंवा बॅरलमधला. पहिला खराब आणि दुसरा चांगला असेल तर दोष तुमच्या जोडणीत किंवा गल्लीतल्या वाहिनीत आहे. पहिले दोन्ही खराब असतील तर दोष मागे कुठेतरी, आणि ते पालिकेला कळवायला हवं. दोन्ही चांगले पण तिसरा खराब, तर टाकीचं झाकण, तळातला गाळ आणि आत बुडणारा हात किंवा तांब्या तपासा. एका नमुन्याने यातलं काहीच कळत नाही.

बाटली १२५ मिलिची, काचेची किंवा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या भांड्यात) टिकणाऱ्या प्लास्टिकची. निर्जंतुक करण्याआधी तिच्यात ३ टक्के सोडियम थायोसल्फेटचं ०.१ मिलि द्रावण टाका. क्लोरीन लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंत असला तरी एवढं पुरतं. हे विसरलात तर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत बाटलीतला क्लोरीन जंतू मारत राहतो, आणि नळावर जे जिवंत होते ते मेजावर मेलेले निघतात.

क्लोरीन मात्र जागेवरच, थायोसल्फेट नसलेल्या वेगळ्या भांड्यात मोजा. ग्रामपंचायतीत ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट चालते. तिचा पिवळा रंग पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा, कारण नंतर वाढणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो, तो अमोनियासारख्या पदार्थांना बांधलेल्या क्लोरीनचाही असतो. क्लोरीन मोजायच्या डीपीडीच्या गोळ्या मिळत असतील तर त्याच वापरा. ओटी द्रावण अंगाला लागू देऊ नये. नळाशी मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा.

नळाला लावलेली प्लास्टिकची नळी किंवा जाळी काढा. तोंड आतून-बाहेरून ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा आणि वाळू द्या. बाटलीचं झाकण खाली ठेवू नका, हातात उलटं धरू नका. वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून भरा, नाहीतर नंतर हलवून मिसळता येत नाही. वेळ, जागा आणि क्लोरीनचा आकडा लगेच लिहा.

नमुना १० अंशांच्या खाली, अंधारात न्यायचा, आणि सहा तासांत तपासायला घ्यायचा. चोवीस तासांनंतरचा नमुना फेकून द्या. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि स्कूटरची डिकी त्याहून तापते. अशा डिकीत ठेवलेल्या स्वच्छ पाण्यात जंतूंना खायला फारसं नसतं, त्यामुळे ते मरूही शकतात. दुधात किंवा रसवंतीच्या रसात मात्र ते झपाट्याने वाढतात. दोन्ही बाजूंनी फसवणूक. सुटा बर्फ वापरला तर वितळलेल्या पाण्यात बाटलीचं तोंड बुडतं, म्हणून जेलच्या पिशव्या बऱ्या, किंवा बाटली आधी झिप लॉकच्या पिशवीत घाला.

जंतू वाढवायला वेळ किती

चांगल्या अन्नद्रव्यात ३७ अंशांवर ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. १०० मिलि पाण्यात एक जंतू असेल आणि त्या सगळ्या पाण्यात दर मिलिलिटरला दहा लाख व्हायला हवे असतील, तर एकाचे दहा कोटी व्हावे लागतात. म्हणजे सुमारे २७ वेळा दुप्पट, म्हणजे ९ तास. तेच १०० मिलि पाणी गाळून गाळणपटल ५ मिलि अन्नद्रव्यात टाकलं, तर पन्नास लाखच पुरतात आणि वेळ साडेसात तासांवर येतो.

या हिशेबात जंतू पहिल्या मिनिटापासून वाढतो असं धरलं आहे. प्रत्यक्षात क्लोरीनने जखमी झालेला जंतू आधी सावरतो, आणि त्याला कित्येक तास लागू शकतात. ‘आठ तासांत निकाल’ असं पाकिटावर लिहिलेलं असलं, तरी क्लोरीन घातलेल्या पाण्याचा नकारात्मक निकाल १८ ते २४ तासांआधी मान्य करू नका. सकारात्मक लवकर आला तर तो लगेच धरा.

इन्क्युबेटर हवाच. उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर असते म्हणून बाटली टेबलावर ठेवून द्यायची, असा मोह होतो. दुपारी ४१ आणि पहाटे २७ अशा खोलीत दोन दिवसांचे निकाल एकमेकांशी ताडता येत नाहीत. इन्क्युबेटर इन्व्हर्टरवर घ्या आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा. बाहेरच्या आकड्यावर विसंबू नका.

पाण्यासाठी: गाळणी आणि एन्झाइम

साहित्य असं: ४७ मिमी व्यासाचं, ०.४५ मायक्रॉनचं निर्जंतुक गाळणपटल, त्याचा फनेल, हातपंप, निर्जंतुक चिमटा, एमयूजी (तुटल्यावर चमकणारं रसायन) घातलेला लॉरिल ट्रिप्टोज ब्रॉथ, म्हणजे जंतू वाढवायचं पातळ अन्नद्रव्य, आणि ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च. ब्रॉथची तयार पावडर मिळते, प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं.

१०० मिलि पाणी गाळा, पटल चिमट्याने उचलून ५ मिलि ब्रॉथ असलेल्या नळीत टाका, ३५ ते ३७ अंशांवर ठेवा. ई. कोलायकडे ग्लुकुरोनिडेज नावाचं एन्झाइम असतं. ते एमयूजीचे तुकडे करतं आणि त्यातून सुटणारा पदार्थ यूव्हीखाली निळा चमकतो. अंधाऱ्या खोक्यात नळ्या ठेवून मोबाइलने एक्स्पोजर कायम ठेवून दर तासाला फोटो काढले, तर चमक कधी चढली याचा आलेखही मिळतो. मोबाइलला एक्स्पोजर आपोआप ठरवू दिलंत तर तो फिकी चमक उजळून आणि भडक चमक दाबून सगळ्या नळ्या सारख्या दाखवतो. यूव्ही टॉर्चकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका.

चमक फिकी पडण्याचं नेहमीचं कारण आम्लता. जंतू लॅक्टोज खाऊन आम्ल सोडतात, आणि चमकणारा पदार्थ अल्कलीतच नीट चमकतो. संशय असेल तर थोडा ब्रॉथ वेगळ्या नळीत घेऊन एक-दोन थेंब १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड टाका आणि पुन्हा पाहा. काही काचेच्या नळ्या स्वतःच निळ्या चमकतात. नवीन खोकं आणलं की नुसत्या ब्रॉथची नळी आधी यूव्हीखाली धरून बघा.

उन्हाळ्यात सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या उजनी धरणाचं पाणी हिरवट होतं. कच्च्या पाण्यातलं शेवाळ गाळणपटल बंद पाडतं. आधी जाड गाळणीतून काढायची युक्ती सुचते, पण ती करू नये, कारण शेवाळाच्या कणांना चिकटलेले जंतूच तिथे अडकतात. त्याऐवजी ५०-५० मिलि दोन पटलांवर गाळा आणि दोन्ही पटलं ब्रॉथमध्ये टाका. कापडाच्या रंगाईच्या कारखान्यांजवळच्या विहिरीचं पाणी रंगीत असेल, तर पटल गाळल्यानंतर ३० मिलि निर्जंतुक बफरने धुऊन घ्या. रंग राहिला तर चमक झाकली जाते.

इलेक्ट्रोडने वाचायचं असेल तर एमयूजीऐवजी पीएपीजी हे रसायन वापरतात. गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम त्यातून पॅरा-अमिनोफिनॉल सोडतं आणि ते चांदीच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत साधारण ०.२ ते ०.३ व्होल्टवर वीजप्रवाह देतं. प्रवाह दर तासाला मोजा. हे द्रावण हवेत तपकिरी पडतं, म्हणून त्या दिवसापुरतंच बनवा. गॅलॅक्टोसिडेज सगळ्याच कोलिफॉर्ममध्ये (ई. कोलाय आणि त्याच्या गटातले जंतू) असतं, ग्लुकुरोनिडेज मुख्यतः ई. कोलायमध्ये. पहिलं ‘पाण्याची वाट कुठेतरी उघडी आहे’ एवढं सांगतं, दुसरं ‘विष्ठा मिसळली आहे’ असं सांगतं.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. रक्ताचे जुलाब घडवणारा ई. कोलाय ओ१५७:एच७ बहुतेक वेळा ग्लुकुरोनिडेजची चाचणी देत नाही. निळी चमक नाही म्हणजे तो नाही, असा अर्थ काढता येत नाही. त्याची पट्टी वेगळी असते.

आषाढीला पंढरपुरात शेकडो टँकर भरले जातात तेव्हा गाळणपटलांचा मेळ बसत नाही. तिथे प्रत्येक टँकरचा क्लोरीन जागेवर मोजा आणि एचटूएसची बाटली (विष्ठेतले जंतू असले की काळी पडणारी) लावून ठेवा. ती काळी पडायला २४ ते ४८ तास लागतात, म्हणून आजचं पाणी वाटायचं की नाही हे क्लोरीनच्या आकड्यावरच ठरवावं लागतं. बाटली सांगते ती टँकर भरण्याच्या ठिकाणाबद्दल.

खाण्यासाठी: चाचणीपट्टी, आणि शेंगाचटणीची गोष्ट वेगळी

शेंगाचटणी कोरडी असते, म्हणून तिच्यात जंतू वाढत नाहीत. पण साल्मोनेला अशा कोरड्या, तेलकट पदार्थात महिनोन्महिने जिवंत राहतो आणि त्यातलं तेल त्याला उष्णतेपासून वाचवतं. अमेरिकेत २००८-०९ मध्ये शेंगदाण्याच्या लोण्यातून साल्मोनेलाची मोठी साथ पसरली होती. भाजताना बरेचसे जंतू मरतात. पण भाजलेले दाणे कच्च्याच पोत्यात परत ओतले, किंवा कच्च्यासाठी वापरलेल्या यंत्रात कुटले, की ते पुन्हा शिरतात. नमुना म्हणून कुटल्यानंतरचा, भरण्याआधीचा माल घ्या.

१. एका घाण्याच्या पाच वेगवेगळ्या जागांवरून निर्जंतुक चमच्याने मिळून २५ ग्रॅम घ्या. साल्मोनेलासाठी निकष ‘२५ ग्रॅममध्ये नसावा’ असा असतो, म्हणून दहा ग्रॅमवर भागवू नका.

२. २२५ मिलि बफर्ड पेप्टोन वॉटर या अन्नद्रव्यात टाका. चटणीत लसूण असतो आणि लसूण जंतूंची वाढ रोखतो, म्हणून या पाण्यात लिटरला ५ ग्रॅम पोटॅशियम सल्फाइट घालायचं. हे केलं नाही तर लसणीची चटणी कायम ‘शुद्ध’ निघते.

३. लगेच जोरात हलवू नका. कोरड्या पदार्थातला जंतू एकदम पाण्यात पडला की फुगून मरतो. तासभर तसंच राहू द्या, मग हलक्या हाताने मिसळा आणि पीएच ६.८ च्या आसपास आहे का बघा.

४. ३७ अंशांवर १८ तास ठेवा. नंतर त्यातलं ०.१ मिलि १० मिलि आरव्हीएस ब्रॉथमध्ये (साल्मोनेलाला वाढू देणारं, इतरांना रोखणारं अन्नद्रव्य) घालून ४१.५ अंशांवर २४ तास. काही किट दुसरी पायरी वगळायला सांगतात. त्यांच्या कागदावर तुमच्या पदार्थाचं नाव नसेल तर वगळू नका.

५. तेल वर तरंगतं, म्हणून पिपेट मधल्या थरात बुडवून १ मिलि काढा. किटमध्ये सांगितलं असेल त्याप्रमाणे उकळत्या पाण्यात १० ते १५ मिनिटं ठेवा आणि थंड करा.

६. पट्टीचं पाकीट फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच फोडा, नाहीतर आत दव धरतं. ०.१ मिलि टाका. किटने दिलेल्या वेळेलाच वाचा, अर्ध्या तासाने उमटलेली पुसट रेघ धरू नका.

कंट्रोलची रेघ आली नाही तर निकालच नाही. पट्टी ओली झाली, मुदत संपली, किंवा नमुना फार घट्ट आहे. चाचणीची रेघ अगदी फिकी आली तर आणखी एक शक्यता असते: जंतू इतके जास्त आहेत की ते पट्टीतल्या रंग देणाऱ्या, अँटिबॉडी लावलेल्या सोन्याच्या कणांना आणि रेघेवरच्या अँटिबॉडीला वेगवेगळे चिकटून बसतात आणि सांगड जमत नाही. तोच नमुना दहापट आणि शंभरपट पातळ करून दोन नव्या पट्ट्यांवर टाका. पातळ केल्यावर रेघ गडद झाली तर हेच कारण.

काळं तिखट आणखी अवघड. त्यात दालचिनी आणि लवंग असते, दोन्ही जंतुरोधक. दालचिनीसाठी शंभरपट आणि लवंगेसाठी हजारपट पातळ करायचा नियम आहे. मिश्र मसाल्यासाठी निदान शंभरपट, म्हणजे २५ ग्रॅमला अडीच लिटर पेप्टोन वॉटर, आणि ते पुरेसं आहे का हे खाली सांगितलेल्या मिसळ-चाचणीने तपासायचं. मोठं भांडं लागतं, जागा लागते. पर्याय नाही.

ताक, चिंचेचं पाणी, पाणीपुरीचं पाणी आंबट असतं. आम्लात अँटिबॉडीची पकड सुटते आणि सोन्याचे कण एकत्र गोळा होऊन पट्टीच्या सुरुवातीलाच जांभळट डाग पडतो. वाढवण्याआधी सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच जुळवा.

कच्च्या दुधाची कोलिफॉर्मसाठी तपासणी करण्यात पैसे घालवू नका, ते जवळजवळ नेहमी सापडतातच. पाश्चरीकरणानंतरचं आणि पिशवीत भरल्यानंतरचं, असे दोन नमुने घ्या. दूध खरंच ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलं का, याला फॉस्फटेज एन्झाइमची साधी चाचणी पुरते: एन्झाइम शिल्लक असेल तर दूध पुरेसं तापलेलं नाही. बासुंदी, पेढे यांच्याबाबत आणखी एक धोका असतो. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हाताच्या जखमेतून येतो, वाढतो आणि विष सोडतो. पदार्थ पुन्हा गरम केला की जंतू मरतो, विष उरतं. जंतू शोधणारी पट्टी मग काहीच दाखवत नाही आणि माणसं तरी उलट्या करतात. तिथे विष शोधणारी चाचणीच हवी. शेंगदाण्याच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिनही असंच, त्याची पट्टी स्वतंत्र मिळते.

एटीपी मीटर

काजव्यातलं ल्युसिफरेज हे एन्झाइम एटीपी मिळाला की प्रकाश देतं. मीटर तो प्रकाश आरएलयू या एककात १०-१५ सेकंदांत मोजतं. गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलचा ओटा असो की मेसचं चिरण्याचं फळकूट, १० बाय १० सेंमी जागा आडवी, उभी आणि तिरकी पुसून बोळा नळीत ढकला, कळ दाबून द्रव सोडा आणि मिनिटभरात वाचा.

एका कंपनीच्या मीटरवरचे ३० आणि दुसऱ्याच्या मीटरवरचे ३० यांचा काही संबंध नसतो. तुमची मर्यादा तुम्हीच ठरवा: तीच जागा चांगली घासून, धुऊन, वाळवून वेगवेगळ्या दिवशी दहा-बारा वेळा मोजा. त्यांची सरासरी म्हणजे ‘ठीक’, आणि तिच्या तिपटीच्या वर गेलं की पुन्हा धुवा.

हे मीटर जंतू ओळखत नाही. एका जिवाणूत सुमारे एक फेम्टोग्रॅम एटीपी, यीस्टमध्ये त्याच्या शंभरपट, आणि सांडलेल्या कणकेत दोन्हींना झाकून टाकेल इतका. विषाणू त्याला दिसतच नाहीत. आकडा मोठा आला तर जागा अस्वच्छ आहे, एवढं नक्की. आकडा छोटा आला म्हणून साल्मोनेला नाही असं म्हणता येत नाही. ब्लीचचा अंश राहिला की ल्युसिफरेज मंदावतं आणि घाणेरडा ओटा पास होतो, म्हणून ब्लीचनंतर साध्या पाण्याने पुसून, वाळवून मगच बोळा फिरवा. बोळे २ ते ८ अंशांत ठेवा. भट्टीशेजारच्या फळीवर उन्हाळाभर राहिलेल्या बोळ्यांतलं एन्झाइम खराब होतं आणि मग सगळेच आकडे छान येतात.

प्रयोगशाळेत बनवायचा इलेक्ट्रोड

सोन्याचा स्क्रीन-प्रिंटेड इलेक्ट्रोड घ्या. आयसोप्रोपेनॉल आणि शुद्ध पाण्याने धुऊन ०.१ मोलर सल्फ्युरिक आम्लात व्होल्टेज वर-खाली फिरवून स्वच्छ करा. आलेख दोन फेऱ्यांत सारखा येऊ लागला की थांबा. इथेनॉलमधलं १ मिलिमोलर ११-मर्कॅप्टोअनडिकॅनॉइक आम्ल रात्रभर ठेवा. उन्हाळ्यात इथेनॉल उडून जातं, म्हणून इथेनॉलने भिजवलेला बोळा ठेवलेल्या बंद पेट्रीडिशमध्ये हे करा. नंतर अँटिबॉडी जोडून घेणारी रसायनं, ०.४ मोलर ईडीसी आणि ०.१ मोलर एनएचएस, समप्रमाणात मिसळून ३० मिनिटं. धुऊन लगेच पीबीएसमधली (फॉस्फेटचं खारट बफर) अँटिबॉडी, मिलिलिटरला २० ते ५० मायक्रोग्रॅम, दोन तास. मग १ मोलर इथेनॉलअमीन, पीएच ८.५, पंधरा मिनिटं आणि शेवटी १ टक्का बीएसए (उरलेल्या जागा झाकणारं प्रथिन) अर्धा तास.

अँटिबॉडी चिकटत नाही ही सर्वांत नेहमीची तक्रार, आणि कारण बहुधा अँटिबॉडीच्या बाटलीतच असतं. तिच्यात टिकाऊपणासाठी बीएसए, ट्रिस किंवा ग्लायसीन घातलेलं असेल तर ईडीसीने तयार केलेल्या जागा तेच पटकावतात. बीएसए नसलेली, पीबीएसमधली शुद्ध अँटिबॉडी मागवा. दुसरं कारण ईडीसी स्वतः. ते हवेतल्या ओलाव्याने मरतं. उणे २० अंशांवर ठेवा आणि बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. पावसाळ्यात याची खास काळजी घ्या.

मापनासाठी फेरी आणि फेरोसायनाइड प्रत्येकी ५ मिलिमोलर, ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडसह पीबीएसमध्ये. १० मिलिव्होल्टचा लहान प्रत्यावर्ती संकेत, १०० किलोहर्ट्झपासून ०.१ हर्ट्झपर्यंत. आधी नमुना न टाकलेल्या, अँटिबॉडी लावलेल्या इलेक्ट्रोडचा रोध नोंदवा. मग नमुना ३० मिनिटं ठेवून ०.०५ टक्के ट्वीन (साबणासारखा पदार्थ) घातलेल्या पीबीएसने धुवा आणि पुन्हा मोजा. जंतू चिकटले की रोधाच्या आलेखातलं अर्धवर्तुळ मोठं होतं. प्रत्येक इलेक्ट्रोड थोडा वेगळा असतो, म्हणून नुसता रोध न लिहिता मूळ रोधाच्या किती टक्के वाढला ते लिहा. जंतू नसलेल्या निदान दहा मापनांची सरासरी आणि तिच्यात प्रमाण विचलनाची तिप्पट मिळवा. त्याखालचा कोणताही आकडा ‘सापडला’ म्हणून मोजू नका. बोअरचं जड पाणी थेट टाकलं तर क्षारच रोध बदलतात, म्हणून जंतू गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून पीबीएसमध्ये घ्या.

अँटिबॉडी मेलेल्या जंतूलाही पकडते. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेल्या विहिरीच्या पाण्याला हा इलेक्ट्रोड थेट लावला तर मेलेले जंतूही मोजले जातात. जिवंत आहेत का हे हवं असेल तर वाढवण्याआधी आणि नंतर, अशी दोन मापनं घेऊन फरक बघा. फेरोसायनाइडचा कचरा आम्लात कधीही ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो. सरावासाठी ई. कोलाय के-१२ सारखा निरुपद्रवी वाण वापरा. चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातून वाण मागवता येतात. जिवंत साल्मोनेला योग्य जैवसुरक्षा नसलेल्या प्रयोगशाळेत आणू नये, किटबरोबर येणारा मारलेला कंट्रोल पुरतो.

प्रत्येक वेळी लावायचे कंट्रोल

निर्जंतुक पाणी हा नकारात्मक, ओळखीचा जंतू हा सकारात्मक, आणि तिसरा, जो बहुतेक जण गाळतात: तुमच्याच पदार्थात मुद्दाम मिसळलेला ओळखीचा जंतू, म्हणजे वर म्हटलेली मिसळ-चाचणी. २५ ग्रॅम चटणीत साधारण दहा-वीस जिवंत निरुपद्रवी ई. कोलाय घालून पेप्टोन वॉटरमध्ये वाढवा आणि ई. कोलायच्या चाचणीने वाचा. सापडले नाहीत तर दोष पदार्थात आहे, तो जंतूंना वाढू देत नाही किंवा चाचणी झाकतो. अशा पदार्थाचा ‘नकारात्मक’ निकाल कुठल्याही रजिस्टरमध्ये लिहू नये. पाककृती बदलली, मसाल्याचा पुरवठादार बदलला की हे पुन्हा करा.

सकारात्मक निकाल आला की माल बाजूला काढा, उरलेला नमुना फ्रीजमध्ये ठेवा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवून खात्री करून घ्या. खात्री होईपर्यंत विक्री नाही. पाण्याचा निकाल असेल तर वाट बघू नका, त्याच दिवसापासून पिण्याचं पाणी खळखळून उकळा. टाकी घासून गाळ काढा. नेहमीच्या मात्रेला १००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली टीसीएल पावडर लागते. ती थोड्या पाण्यात कालवून निवळू द्या आणि वरचं पाणी टाकीत घाला. तासाभराने क्लोरीन मोजा. सापडत नसेल तर पावडर जुनी आहे किंवा टाकीत अजून घाण आहे. उघड्या पोत्यातल्या पावडरीतला क्लोरीन सोलापूरच्या उन्हाळ्यात भराभर उडतो.

वाढवलेल्या ब्रॉथमध्ये कोट्यवधी जंतू असतात, मूळ नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त. तो मोरीत ओतायचा नाही. १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, वापरलेल्या पट्ट्या, पिपेटची टोकं आणि गाळणपटलं त्याच पिशवीत. ऑटोक्लेव्ह नसेल तर स्वतंत्र ठेवलेला कुकर चालतो, पण तो पुन्हा कधीही स्वयंपाकघरात जाणार नाही असं त्यावर रंगाने लिहा. आणि चाचणीची जागा चटणी भरण्याच्या खोलीपासून वेगळी, वेगळ्या दाराची असावी. तिथला ॲप्रन घालून कोणीही भरण्याच्या खोलीत जाऊ नये.